साक्ष आणि मात्रा

'अपस्मार' या संज्ञेची घडण विचार करण्याजोगी आहे. 'स्मृ' या धातूला 'अप' हा उपसर्ग लागला की स्मरणाचे दूर जाणे सूचित होते. चरकसंहितेतही या व्याधीचा विचार स्मृती, बुद्धी आणि मन यांच्या विभ्रमाच्या अंगाने केलेला आढळतो. 'फेफरे', 'मिरगी' किंवा आज सर्वतोमुखी असलेला 'फिट' हे शब्द बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. कोसळलेला देह, ताठरलेले अवयव, तोंडाशी आलेला फेस एवढेच त्यांना दिसते. 'अपस्मार' ही संज्ञा मात्र रोग्याच्या बाजूने बोलते, आणि बोलते ती एका रिक्ततेविषयी: ज्याला झटका येतो त्याच्या अनुभवात तो झटका बहुधा नसतोच, तो असतो पाहणाऱ्याच्या अनुभवात. माणसाच्या बाबतीत या दोन बाजूंमधील अंतर संवादाने काही प्रमाणात भरून निघते. रुग्ण शुद्धीवर येतो, काय झाले ते विचारतो, औषध सोसत नसेल तर तसे सांगतो. रुग्ण कुत्रा असेल तर अंतर तसेच राहते, आणि त्या अंतराच्या अलीकडच्या तीरावर उभे राहून कोणीतरी दुसऱ्याने त्याला रोज दोन वेळा गोळी द्यायची असते. हा दुसरा, आणि गोळी देण्याचा त्याचा अधिकार, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय वरकरणी क्षुद्र वाटेल. परंतु अपस्माराच्या विचारात मनुष्येतर प्राणी उपरा नाही. तो तेथे आरंभापासून आहे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या 'पवित्र रोगाविषयी' या ग्रीक प्रबंधात, हा रोग दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे हे दाखवण्यासाठी लेखकाने शेळ्यांचा दाखला दिला आहे. शेळ्यांनाही हा रोग होतो, आणि अशा शेळीचे मस्तक उघडून पाहिले तर पाणी साचलेला, दुर्गंधी मेंदू आढळतो. देहाला पीडा देणारा देव नव्हे, रोगच होय, हे त्यावरून उघड होते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे या रोगाला देवतांच्या तावडीतून सोडवण्याचा एक आद्य प्रयत्न पशूच्या साक्षीवर उभा आहे. पुढे १८७० मध्ये बर्लिन येथे गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा प्रवाह लावून त्याचे विशिष्ट भाग विशिष्ट स्नायूंना हलवतात हे सिद्ध केले; त्यांपैकी काही कुत्र्यांना त्यानंतर अपस्मारासारखे झटके आले, याचीही नोंद त्यांनी केली. हे काम हिट्झिगच्या राहत्या घरी झाले. मेंदूविषयीच्या आधुनिक ज्ञानाच्या पायात त्या अनाम कुत्र्यांचे देह चिणलेले आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

औषधांचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेत सांगितला तो स्त्रीरुग्णांच्या अनुभवावरून; फेनोबार्बिटालचा उपयोग १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या ध्यानी आला तोही माणसांच्या शुश्रूषेत. मानवी वैद्यकातून ब्रोमाइड जवळजवळ हद्दपार झाले. कुत्र्यांच्या उपचारात ते टिकून राहिले. फेनोबार्बिटाल तर दोन्हीकडे चालू आहे. आपल्याकडे पशुवैद्य लिहून देतो ती गोळी बहुधा माणसांच्याच औषधांच्या दुकानातून 'गार्डेनल' या नावाने आणावी लागते, आणि दुकानदाराने रुग्णाचे नाव विचारल्यावर 'मोती' असे उत्तर देताना सुशिक्षित गृहस्थाचाही आवाज किंचित खाली येतो. या ओशाळेपणातच, माझ्या मते, पुढील साऱ्या प्रश्नांचे बीज आहे.

कुत्र्यांमध्ये हा रोग दुर्मीळ नाही. ब्रिटनमधील पाहणीवरून दर हजारात सहा कुत्र्यांना तो असावा असा अंदाज केला जातो. ज्याचे अन्य कारण सापडत नाही असा अपस्मार बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात प्रथम प्रकट होतो. सहा महिन्यांत दोन वा अधिक झटके आले, एकाच दिवसात एकापाठोपाठ एक असे झटके आले, किंवा एखादा झटका पाच मिनिटांपलीकडे लांबला, तर औषध सुरू करावे, असा पशुवैद्यकातील आजचा सर्वसाधारण संकेत आहे. फेनोबार्बिटाल दर बारा तासांनी, वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच ते तीन मिलिग्रॅम, या मात्रेने सुरू होते. मेंदूतील पेशींचा क्षोभ आवरणारी जी निसर्गदत्त यंत्रणा आहे तिला ते बळ देते. रक्तातील त्याची पातळी स्थिरावण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. पण हे स्थैर्य फसवे असते. ज्या यकृताने औषध पचवायचे तेच यकृत हळूहळू या कामात तरबेज होते, औषधाचा निचरा अधिक वेगाने करू लागते, आणि कालची मात्रा आज अपुरी पडते. मात्रा वाढवावी तर यकृतालाच इजा होण्याचा धोका. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी. ब्रोमाइडची चाल याहून संथ. देहातील त्याचा अर्धा अंश बाहेर पडण्यास तीन-चार आठवडे लागतात, आणि पातळी स्थिरावण्यास तीन-चार महिने. शिवाय त्याचे मिठाशी वैर आहे: आहारात मीठ वाढले की मूत्रपिंडे ब्रोमाइडही बाहेर टाकतात, मीठ घटले की ते देहात साचते. आपल्या घरांतून कुत्र्याला ताटातले उरलेसुरले घालण्याची रीत आहे. एक दिवस दूधभाकरी, दुसऱ्या दिवशी आमटीभात, कोकणातल्या घरी मध्येच सुक्या मासळीचा तुकडा. यांतली प्रत्येक माया ब्रोमाइडच्या हिशेबात ढवळाढवळ करते.

येथवर प्रश्न तंत्राचा आहे. नैतिक प्रश्न सुरू होतो तो या मात्रेने नेमके काय तोलले जाते हे पाहू लागल्यावर. सर्वांगाचा झटका आलेल्या कुत्र्याची शुद्ध हरपलेली असते. त्याचे पाय हवेत चालत असतात, जबडा वाजत असतो, कित्येकदा मलमूत्रविसर्जन होते. पण या साऱ्याचा भोक्ता त्या क्षणी त्या देहात असतो असे मानण्यास आधार नाही. भोक्ता असतो तो शेजारी गुडघे टेकून बसलेला माणूस. उलट औषधाचे जे परिणाम आहेत त्यांचा भोक्ता तो कुत्राच. फेनोबार्बिटालमुळे त्याला अपार भूक लागते, तहान लागते, पहिले काही आठवडे मागचे पाय लटपटतात, झोपेचे एक पांघरूण त्याच्या दिवसावर पडून राहते. हे सारे तो जागेपणी जगतो. ते भीषण दिसत नाही, म्हणून पाहणाऱ्याला ते दुःख वाटत नाही. अशा रीतीने जे भीषण दिसते पण कदाचित भोगले जात नाही, ते टाळण्यासाठी, जे भोगले जाते पण भीषण दिसत नाही ते आपण त्या प्राण्यावर लादतो. जेरेमी बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पशूंच्या नैतिक स्थानाचा निकष बुद्धी वा वाणीवरून हलवून दुःख भोगण्याच्या क्षमतेवर आणला, आणि त्याचे हे ऋण मोठे आहे. पण हा निकषही येथे अडखळतो. दुःख कोणाचे, हेच येथे निश्चित नाही. आपण कुत्र्याचा झटका थांबवतो की आपल्या दृष्टीसमोरचे दृश्य?

भुकेचा मुद्दा थोडा अधिक रेंगाळून पाहावा असा आहे. या औषधावर असलेला कुत्रा ओट्यावरची पोळी पळवतो, केराची बादली उलथतो, रात्री पाणी पिऊन पहाटे दिवाणखान्यात घाण करतो. आजवर शहाणा असलेला प्राणी हावरट, चोरटा, घाणेरडा म्हणवला जाऊ लागतो. ही विशेषणे शीलाची आहेत. कारण मात्र रसायनाचे आहे, आणि ते रसायन आपणच दिलेले आहे. येथे महाभारताच्या आदिपर्वातील सरमेची कथा आठवणे अपरिहार्य ठरते. जनमेजयाच्या यज्ञाजवळ गेलेल्या तिच्या पिल्लाला त्याच्या भावांनी मारले. पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा येऊन अपराध विचारते. उत्तर मिळत नाही. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. मारलेल्या पिल्लाची आई राजाला अपराध काय म्हणून विचारते आणि राजकुळाजवळ उत्तर नसते, एवढाच प्रसंग; पण पशूला दोष देण्यापूर्वी कारण सांगण्याचे दायित्व माणसावर टाकणारा असा प्रसंग आपल्या परंपरेत फार मोलाचा मला वाटतो. युधिष्ठिराच्या कुत्र्याची कथा अधिक लोकप्रिय आहे खरी. परंतु तेथे कुत्रा शेवटी धर्म म्हणून प्रकट होतो, म्हणजे कुत्रा म्हणून नाहीसाच होतो. नामदेवांच्या हकिकतीत भाकरी पळवणाऱ्या श्वानामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या डोळ्यांसमोर राहतात. श्वानाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. या कथांतून पशू हा माणसाच्या थोरवीची कसोटी असतो. दीर्घकाळ आजारी असलेला कुत्रा अशी कसोटी व्हायला तयार नसतो. तो एकदाच प्रकट होऊन वर देत नाही. तो उद्या सकाळी पुन्हा भुकेला असतो.

मग औषध देऊच नये काय? वरील विवेचनाचा असा अर्थ काढणे हे घाईचे होईल. झटक्याच्या आत कोणी नसले तरी झटक्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो प्राणी असतो. झटक्यापूर्वी काही कुत्री अस्वस्थ होतात, माणसाला चिकटून बसतात किंवा कोपऱ्यात दडतात. झटका ओसरल्यावर काहींना काही काळ दिसत नाही. ती भिंतींवर आदळत घरभर फिरतात, ओळखीच्या माणसावर गुरगुरतात. हे भय अनुभवले जाते. सर्वच झटके शुद्ध हिरावतात असेही नाही. देहाच्या एकाच भागाला व्यापणाऱ्या झटक्यात प्राणी आपले थरथरणारे अंग पाहत असतो. आणि झटका न थांबता चालू राहिला तर देहाचे तापमान वाढते, मेंदूला कायमची इजा होते, मृत्यूही येतो. हे टाळणे ही नुसती पाहणाऱ्याची सोय नव्हे. माझे म्हणणे एवढेच की औषधाचे समर्थन आपण ज्या कारणाने मनोमन करतो ते कारण आणि ज्या कारणाने ते खरोखर समर्थनीय ठरते ते कारण, ही दोन वेगळी आहेत. आणि ती वेगळी असल्यामुळे मात्राही वेगळी ठरू शकते. महिन्या-दोन महिन्यांनी एखादाच, लवकर ओसरणारा, सौम्य झटका उरला असेल, तर तो एक झटका पुसून टाकण्यासाठी मात्रा आणखी चढवणे आणि प्राण्याला दिवसभर पेंगत ठेवणे, यात हित कोणाचे साधते, हा प्रश्न पशुवैद्याच्या टेबलाशी विचारला गेला पाहिजे. वैद्यकानेही येथे प्रामाणिकपणा दाखवलेला आहे. झटके पूर्ण थांबणे हा त्याचा आदर्श असला तरी ते निम्म्यावर येणे हेही यश मानले जाते, आणि बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत एकापेक्षा अधिक औषधांनीही ते येत नाहीत, हे ते लपवत नाही.

पण झटके निम्म्यावर आले हे ठरवायचे कोणी? येथे आपण साक्षीच्या प्रश्नाशी येतो. पशुवैद्याला झटका क्वचितच दिसतो; कुत्रा सांगत नाही; उरतो तो घरचा माणूस आणि त्याची वही. २०१० मध्ये कॅरेन मुन्याना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मारी कुत्र्यांवरील तीन औषधचाचण्या एकत्र घेऊन त्यांत ज्यांना औषध नव्हे तर निष्क्रिय गोळी दिली गेली होती अशा २८ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २२ कुत्र्यांचे झटके पूर्वीपेक्षा कमी झालेले आढळले, आणि ८ कुत्र्यांचे तर निम्म्याने वा त्याहून अधिक. माणसाच्या बाबतीत अशा परिणामाचे श्रेय आपण रुग्णाच्या श्रद्धेला देतो. कुत्र्याला गोळीवर श्रद्धा नसते. गुळाच्या खड्यात दडवलेली गोळी ही त्याच्या लेखी कडवट गूळ एवढीच. मग ही घट आली कोठून? एक उत्तर गणिताचे आहे: हा रोग मुळातच चढउताराचा, माणूस कुत्र्याला चाचणीत दाखल करतो ते रोग शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार स्वाभाविकच येतो. दुसरे उत्तर असे की चाचणीच्या शिस्तीने त्या कुत्र्याची निगा अधिक नियमित झाली असेल. तिसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. श्रद्धा होती, पण ती रुग्णाच्या ठायी नव्हती. ती साक्षीदाराच्या ठायी होती, आणि वहीत उतरली ती तीच. आशा बाळगणारा माणूस शेजारच्या खोलीतली रात्रीची धडधड स्वप्न समजून कुशीवर वळू शकतो. यात तो खोटे बोलत नाही.

करुणा हा आपल्या नैतिक विचारातील मोठा शब्द आहे, आणि संतसाहित्याच्या अभ्यासकाने त्याविषयी सांभाळूनच बोलावे. तरीही या एका क्षेत्रात करुणेपेक्षा अचूक पाहणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे, असे मला वाटते. करुणा झटक्याच्या रात्री आपोआप जागी होते. वहीत तारीख, वेळ, किती मिनिटे, त्यानंतर किती वेळ भांबावलेपण, एवढे लिहिणेही भल्या माणसाला जमते. पण तीच वही बिनझटक्याच्या दिवसांविषयी बहुधा कोरी असते. त्या दिवशी तो दाराशी आला होता का, फिरायला नेताना जिना स्वतः उतरला की उचलावा लागला, चेंडूकडे त्याने पाहिले का, हे कोणी लिहीत नाही. आणि मात्रेचे जे मोल तो प्राणी मोजतो ते तर या कोऱ्या पानांवर मोजलेले असते.

एक आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण तो दुकानातल्या त्या ओशाळेपणाच्या मुळाशी आहे. जगात सुमारे पाच कोटी माणसांना अपस्मार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अल्प उत्पन्नाच्या देशांतील अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना आवश्यक उपचार मिळत नाहीत. गावोगावी आजही झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चामड्याची वहाण धरली जाते. अशा देशात कुत्र्याला फेनोबार्बिटाल? आक्षेपातील वेदना खरी आहे. हिशेब मात्र चुकीचा आहे. ही गोळी दुर्मीळ नाही, महागही नाही. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील ती सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. माणसांना ती मिळत नाही ती कुत्र्यांनी खाऊन टाकली म्हणून नव्हे. निदान करणारा डॉक्टर पंचक्रोशीत नसतो म्हणून, आणि मुलीचे लग्न मोडेल या भयाने घरचेच रोग लपवतात म्हणून. 'मोती'चे नाव घेताना खाली गेलेला आवाज त्या मुलीच्या कामी येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. त्याला झटका आला तर आपल्या भाषेजवळ त्यासाठी एकच शब्द तयार असतो, 'पिसाळला', आणि त्या शब्दामागून दगड येतो. त्याचा झटका अपस्माराचा आहे, विषबाधेचा आहे की खरोखरच रेबीजचा, हे पाहायला कोणी थांबत नाही. रेबीजचे भय निराधार नाही, म्हणून दूर राहणे समजू शकते. दगडाचे मात्र समर्थन होत नाही.

शुद्ध वंशाच्या हौसेचाही येथे हिशेब द्यावा लागतो. काही जातींत या रोगाचा आनुवंशिक धागा स्पष्ट सापडला आहे. दाट राठ केसांच्या छोट्या डॅशहुंडांतील एका दारुण प्रकाराचे मूळ असलेला जनुकदोष २००५ मध्ये निश्चित झाला. ठरावीक कान आणि ठरावीक रंग यांसाठी पिढ्यानपिढ्या आप्तसंकर करवणाऱ्या माणसाने मग त्या संततीला रोज गोळी देणे याला उपकार म्हणता येत नाही. ती फार तर परतफेड.

औषधांनी दाद न दिल्यास दयामरणाचा विषय निघतो. अपस्मारी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा शेवट असाच होतो, आणि त्या निर्णयात माणसाच्या थकव्याचा वाटा किती, हे विचारणे निर्दय वाटले तरी विचारावे लागते. जे. एम. कुट्सी यांच्या १९९९ च्या 'डिसग्रेस' या कादंबरीत नको असलेल्या कुत्र्यांना मरण देण्याच्या कामात हातभार लावणारा प्राध्यापक त्यांची प्रेते स्वतः भट्टीपर्यंत नेतो, ती इतरांच्या हातून बडवली जाऊ नयेत म्हणून. त्या कृतीत उपयुक्तता शून्य आहे. कुत्र्याला तिचा पत्ताही नाही. कादंबरीचे नैतिक वजन मात्र तिच्यावरच तोललेले आहे.

रोजच्या गोळीचे वजन याहून निराळे, कारण ती एकदाच करायची कृती नाही. फेनोबार्बिटालला देह सरावतो, आणि ते एकाएकी बंद केले तर पूर्वीपेक्षाही उग्र झटके येऊ शकतात. कमी करायचेच झाले तर महिन्यांच्या टप्प्यांनी करावे लागते. म्हणजे पहिल्या दिवशी गोळी देणारा माणूस दुसऱ्याच्या देहात एक गरज निर्माण करतो आणि तिच्याशी स्वतःला बांधून घेतो. व्रत आपण स्वतःच्या देहाने करतो आणि मोडले तर फळ आपण भोगतो. येथे व्रत माणसाचे, देह कुत्र्याचा. म्हणून घरात लग्नकार्य निघाले, कोणी रुग्णालयात दाखल झाले, गावी चार दिवस जायचे ठरले, की प्रश्न उभा राहतो तो संध्याकाळच्या आठच्या गोळीचा. शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची, पट्टीवर वार लिहून ठेवायचे, गूळ कोणत्या डब्यात आहे ते सांगायचे, आणि गोळी गिळली की नुसती गालात धरून ठेवली हे क्षणभर थांबून पाहायला सांगायचे. कारण पुष्कळ कुत्री ती नंतर कोचामागे टाकून देतात.